शाश्वत बांधकामातील पदव्युत्तर शिक्षण परदेशात घ्यायचे असल्यास अभ्यासक्रम कसा पारखावा?

ओळंबा

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून पदवीनंतरची चार वर्षे निवासी इमारतींच्या साइटवर काम केले आहे. शाश्वत बांधकाम या विषयात परदेशात जाऊन पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असे वर्षभरापासून मनात आहे. अभ्यासक्रमांची माहितीपत्रके वाचून मात्र गोंधळ वाढतच गेला, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

हा विचार कुठून आला ते आधी सांगतो, कारण उत्तर देणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. आम्ही ताबा दिलेल्या एका इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरील घरात गळतीची तक्रार पाहण्यासाठी मला एकदा रात्री साडेनऊला जावे लागले. शिडीवर चढून छताच्या गिलाव्याला हात लावला, तर ओल कुठेच लागली नाही, पण गिलावा तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखा गरम होता. सूर्य मावळून अडीच तास होऊन गेले होते. त्या स्लॅबचे काम माझ्याच देखरेखीखाली झाले होते. सळयांची बांधणी मी स्वतः तपासली होती, क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यात, एक दिवसाचाही खाडा पडू दिला नव्हता, काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या क्यूबच्या चाचण्या उत्तम आल्या होत्या. त्या छताखाली माणसांना झोप लागेल का, हे तपासणारी एकही ओळ आमच्या यादीत नव्हती, आणि ती असायला हवी हे तोवर मलाही सुचले नव्हते.

आता प्रश्न. शाश्वत वास्तुकला, शाश्वत बांधकाम, पर्यावरणीय अभिकल्प, बिल्डिंग टेक्नॉलॉजी अशा वेगवेगळ्या नावांखाली जवळपास सारखाच मजकूर दिसतो. यांतले कोणते अभ्यासक्रम अभियंत्याला खरोखर पेलतात आणि कोणते वास्तुविशारदांसाठीच आखलेले असतात, हे कसे ओळखावे? एका वर्षाचा अभ्यासक्रम पुरतो का, की दोन वर्षांचाच घ्यावा? आणि सर्वांत जास्त छळणारा प्रश्न असा, की यांतले बहुतेक नावाजलेले अभ्यासक्रम थंड देशांत आहेत, तर मला पुढे उष्ण आणि दमट हवेतच काम करायचे आहे. घर उबदार कसे ठेवावे हे शिकून मी घर थंड ठेवण्याचे काम करू शकेन का? ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.


झरोका

मी स्वतः स्थापत्य शाखेतून आलो आणि उत्तर युरोपात दोन वर्षांचा असाच अभ्यासक्रम पूर्ण केला, म्हणून तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. तिसऱ्याचे उत्तर देणारे माझ्याहून जाणकार येथे आहेत.

अभ्यासक्रमाच्या नावावरून काहीही ठरवू नका. शिकवण्याचे केंद्र कोणते, हे पाहा. काही ठिकाणी स्टुडिओ हे केंद्र असते: प्रत्येक सत्रात एक प्रकल्प, त्याचे आराखडे आणि प्रतिकृती, आणि गणित त्या प्रकल्पाच्या सेवेला. नॉर्वेतल्या त्रोंदहाइमच्या एन.टी.एन.यू. विद्यापीठातील शाश्वत वास्तुकलेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमधील सस्टेनेबल एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन हे या वळणाचे आहेत. लंडनच्या या अभ्यासक्रमात बारा महिन्यांची एम.एस्सी. आणि सोळा महिन्यांची एम.आर्च. असे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या वळणात इमारतीचे भौतिकशास्त्र केंद्रस्थानी असते आणि आराखडा हा त्या शास्त्राचा पुरावा म्हणून येतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचा ऊर्जाकार्यक्षम इमारतींचा अभ्यासक्रम, जो हेल्सिंगबोर्गच्या आवारात चालतो, किंवा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन अँड इंजिनिअरिंग हे या गटात बसतात. लुंडमध्ये वास्तुविशारद आणि अभियंते दोघांनाही घेतात आणि त्यांना एकत्र काम करायला लावतात, ही तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्टचा बिल्डिंग टेक्नॉलॉजी हा मार्ग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, पण तो वास्तुकलेच्या पदवीचाच भाग असल्याने तेथे आरेखनाचा हात लागतो. अर्जात पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या आराखड्यांचा संग्रह, सक्तीचा आहे का, एवढे पाहिले तरी अर्धा उलगडा होतो.

उरलेला अर्धा उलगडा माहितीपत्रकात सापडत नाही, तो प्रबंधांत सापडतो. लुंड, डेल्फ्ट आणि एन.टी.एन.यू. यांसारख्या विद्यापीठांचे विद्यार्थी-प्रबंध त्यांच्या भांडारांत कोणालाही वाचता येतात. ज्या अभ्यासक्रमाचा विचार करत आहात त्याचे अलीकडचे दहा प्रबंध उतरवून घ्या आणि प्रत्येकातले फक्त कार्यपद्धतीचे प्रकरण वाचा. विद्यार्थ्याने काही मोजले आहे का, की केवळ सॉफ्टवेअर चालवले आहे? सॉफ्टवेअरचे आकडे कशाशी तरी ताडून पाहिले आहेत का? उष्ण हवामानावर एखादा तरी प्रबंध आहे का, आणि असेल तर त्याचा मार्गदर्शक कोण होता? मी हे अर्ज करण्यापूर्वी केले नाही, प्रवेश मिळाल्यानंतर केले. सुदैवाने निवड चुकली नव्हती, पण तो निव्वळ योगायोग होता आणि योगायोगावर आयुष्याची दोन वर्षे लावू नयेत असे मला मनापासून वाटते.

कालावधीबद्दल. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे १२० क्रेडिट होतात, आणि त्यातले शेवटचे ३० बहुधा एकट्या प्रबंधाचे असतात, म्हणजे ७५० ते ९०० तास एका प्रश्नाला देता येतात. ब्रिटनमधील एका वर्षाची पदवी त्यांच्या हिशेबाने १८० क्रेडिटची, म्हणजे युरोपीय मापाने ९० क्रेडिटची असते आणि प्रबंध उन्हाळ्याच्या तीनेक महिन्यांत उरकावा लागतो. इमारतीत उपकरणे लावून मोजमाप घ्यायचे असेल तर एकच ऋतू हाती लागतो, तोही तुमच्या प्रश्नाला नको असलेला असू शकतो. ज्यांना सिम्युलेशन आधीपासून येते आणि एक विशिष्ट कौशल्य पक्के करायचे आहे त्यांना एक वर्ष पुरते. साइटवरून येणाऱ्या माणसाला दोन वर्षे घ्यावीत असे मी सांगेन, कारण पहिले सत्र तर चुका करण्यातच जाते.

माझी एक चूक सांगतो. पहिल्या सत्रात एनर्जीप्लस या इमारतीतील उष्णता-ऊर्जेचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका शाळेचे प्रतिमान तयार करायला मला तीन आठवडे लागले. वर्षाचे ८७६० तास, प्रत्येक तासाचे तापमान, रंगीत आलेख, सगळे देखणे होते. प्राध्यापिकांनी एकाच आलेखावर बोट ठेवले आणि विचारले, "ही खोली पश्चिमेकडची आहे ना? मग ती सकाळी नऊला सर्वांत जास्त का तापते?" उत्तर दिशेचा बाण मी उलटा धरला होता, आणि संपूर्ण इमारत १८० अंशांनी फिरलेली होती. सॉफ्टवेअरने कुठेही हरकत घेतली नव्हती. त्या दिवसापासून कोणतेही सिम्युलेशन चालवण्यापूर्वी उत्तर काय यायला हवे याचा अंदाज मी कागदावर लिहून ठेवतो. तुम्ही चार वर्षे साइटवर काढली आहेत. रात्री साडेनऊचे छत हाताला कसे लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्गातल्या पुष्कळांकडे हा अंदाज नसतो, त्यामुळे आपण वास्तुविशारद नाही याची खंत बाळगू नका.


पागोळी

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मी बरीच वर्षे विचार करत आले आहे, कारण थंड देशात शिकून उष्ण प्रदेशांतल्या इमारतींवर काम करण्याचा आणि आता तेच शिकवण्याचा माझा व्यवसाय आहे. थोडक्यात उत्तर असे, की तेथे शिकलेले भौतिकशास्त्र सगळे उपयोगी पडते आणि तेथे शिकलेले तपशील जसेच्या तसे वापरले तर घात करतात. या दोहोंतला फरक ज्या अभ्यासक्रमात स्पष्ट करून शिकवला जातो तो तुमच्यासाठी चांगला.

एक उदाहरण घेऊन बघू. थंड देशात भिंतीच्या आतल्या बाजूला, खोलीच्या अंगाने बाष्परोधक थर लावायला शिकवतात. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प पाणी होऊ लागते ते तापमान, साधारण ९ अंशांवर येतो. ही हवा भिंतीत शिरून बाहेरच्या गार थरापर्यंत पोहोचली, की तेथे पाणी सुटते आणि लाकूड कुजते. म्हणून तिला आतच अडवायचे. आता उष्ण, दमट प्रदेशातली वातानुकूलित खोली घ्या. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या हवेचा दवबिंदू जवळजवळ २७ अंश येतो, आणि खोली २४ अंशांवर ठेवलेली असते. बाष्प बाहेरून आत येऊ पाहते, आणि पाठ्यपुस्तकाप्रमाणे आतल्या बाजूला लावलेल्या त्याच थराच्या पाठीवर, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, पाणी साचत राहते. नियम एकच आहे, दवबिंदूचा. तपशील मात्र उलटा झाला. आतल्या अंगाला न श्वास घेणारा विनाइलचा वॉलपेपर लावलेल्या भिंतीमागे काळी बुरशी पसरलेली मी स्वतः सोलून पाहिली आहे, आणि तो वास अजून विसरलेले नाही.

सूर्याचेही तसेच. साठाव्या अक्षांशावर हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी दुपारचा सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम साडेसहा अंश असतो, त्यामुळे तेथले विद्यार्थी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत कसे घ्यावे यावर महिनोन्‌महिने घालवतात. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रदेशात उन्हाळ्यात काही काळ भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. तेथे उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा विचारपूर्वक द्यावा लागतो आणि पूर्व-पश्चिम भिंतींचा प्रश्न त्याहून अवघड असतो. सूर्याची स्थिती काढण्याचे गणित मात्र दोन्हीकडे तेच आहे.

माणसाला सुखकर वाटणाऱ्या तापमानाबद्दल तर हा प्रश्न अभ्यासाचा गाभाच आहे. डेन्मार्कच्या फांगर यांनी १९७० मध्ये मांडलेले सुखदतेचे समीकरण नियंत्रित खोलीत बसवलेल्या अमेरिकी आणि डॅनिश महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रतिसादांवर उभे होते, आणि पुढे त्यावर जगभरच्या वातानुकूलनाची मानके बेतली गेली. हम्फ्रीज, निकोल, डी डिअर, ब्रेगर अशा संशोधकांनी नंतर प्रत्यक्ष वापरातल्या इमारतींत जाऊन माणसांना विचारले, तेव्हा असे दिसले, की खिडक्या स्वतः उघडता येत असतील तर माणसे बाहेरच्या हवेशी जुळवून घेतात आणि कितीतरी वरच्या तापमानातही समाधानी असतात. अमेरिकेच्या ॲश्रे ५५ या सुखद तापमानाच्या मानकात २००४ मध्ये हा अनुकूलनाचा दृष्टिकोन घेतला गेला. अर्ज करण्यापूर्वी त्या विभागातल्या प्राध्यापकांचे लेखन चाळा. जेथे अनुकूलनाचा हा सिद्धांत एका व्याख्यानात गुंडाळला जातो तेथे तुमचा छताचा प्रश्न पाहुण्यासारखा वागवला जाईल.

तुमच्या त्या छताबद्दलही बोलते. साधारण १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटमधून उष्णतेची लाट पार व्हायला सुमारे चार तास लागतात, आणि दिवसभर साठवलेली उष्णता स्लॅब त्यानंतरही रात्रभर खाली सोडत राहतो. हवेचे तापमान मोजले तर खोली कदाचित सहन करण्याजोगी दिसेल. पण माणूस हवेबरोबरच भोवतालच्या पृष्ठभागांशीही उष्णतेची देवाणघेवाण करतो, आणि वारा नसताना त्याला जाणवणारे तापमान हे ढोबळमानाने हवेचे आणि पृष्ठभागांचे सरासरी असते. म्हणून प्रयोगशाळेत तुमच्या हाती काळा रंग दिलेला एक पोकळ गोळा देतात, ज्याच्या मध्यभागी तापमापक असतो. तो पलंगाच्या उंचीवर टांगला की तुमच्या हाताने जे ओळखले ते आकड्यात उतरते. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर घातला तर स्लॅब उन्हापासून वाचतो आणि त्याचे वस्तुमान खोलीच्या बाजूने राहते. खाली घातला तर स्लॅब तापतच राहतो आणि उन्हाने रोज प्रसरण-आकुंचन होऊन वरच्या बाजूला भेगांना निमंत्रण मिळते. हा विचार मी थंड देशातच शिकले, जुन्या दगडी घरांना आतून की बाहेरून आच्छादावे या त्यांच्या वादातून.


चुनखडी

वरच्या दोन्ही प्रतिसादांत इमारत वापरात असतानाच्या ऊर्जेचा विचार आला आहे. अभ्यासक्रम निवडताना दुसरी बाजूही तितकीच जपावी, ती म्हणजे इमारत उभी राहण्यापूर्वीच खर्ची पडलेला कार्बन. स्थापत्य अभियंत्याचा हात येथे सर्वांत जास्त चालतो, कारण परिमाणपत्रक, म्हणजे कोणता माल किती लागला याची यादी, वाचता येणे ही यातली पहिली पायरी आहे.

सिमेंटचे गणित पाहा. चुनखडीचा मुख्य घटक असलेले १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजले की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीला सौरऊर्जा दिली तरी हे ४४ किलो कमी होत नाहीत, कारण ते दगडातच आहेत. क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून तयार होणारा सिमेंटचा मूळ पदार्थ, कमी वापरणे हाच मोठा उपाय राहतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ई.पी.एफ.एल. हे तंत्रविद्यापीठ, क्यूबातले लास व्हिलास विद्यापीठ आणि भारतातल्या आय.आय.टी. यांनी मिळून विकसित केलेल्या एल.सी.३ या सिमेंटमध्ये क्लिंकर निम्म्यावर आणले आहे. उरलेल्या भागात मुख्यत्वे भाजलेली माती आणि कच्ची चुनखडी असते, आणि क्लिंकरला लागणाऱ्या १४५० अंशांऐवजी ही माती ८०० अंशांच्या आसपास भाजली जाते. उष्ण प्रदेशांत अशी केओलिनयुक्त माती मुबलक सापडते. थंड देशात जे शिकायला मिळेल तेच पुढारलेले आणि बाकीच्यांनी ते उचलायचे, या समजुतीला हे एक चांगले उत्तर आहे.

तरीही युरोपात शिकण्याचा एक ठोस लाभ आहे: तेथे हे मोजमाप कायद्यात आले आहे. स्वीडनमध्ये २०२२ पासून नव्या इमारतींना बांधकामातल्या उत्सर्जनाचे हवामान-घोषणापत्र द्यावे लागते. डेन्मार्कने २०२३ मध्ये १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींना दर चौरस मीटरमागे दर वर्षी १२ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली, ५० वर्षांचे आयुष्य गृहीत धरून, आणि पुढे ती आणखी आवळली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार २०२८ पासून मोठ्या आणि २०३० पासून सर्व नव्या इमारतींचा जीवनचक्रातला कार्बन जाहीर करावा लागणार आहे. त्यामुळे जीवनचक्र मूल्यमापन हा विषय तेथे चर्चासत्रापुरता राहत नाही. कार्यालयात बसून ई.एन. १५९७८ मानकाच्या चौकटीत, माल तयार होण्यापासून पाडकामापर्यंतच्या टप्प्यांत, कोणीतरी तो रोज करत असतो. विद्यार्थी म्हणून अशा कार्यालयात एक उन्हाळा मिळाला तर तो सोडू नका.

एक कळकळीची सूचना: निघण्यापूर्वी तुम्ही बांधलेल्या एखाद्या इमारतीचे नकाशे आणि परिमाणपत्रक मालकाची लेखी परवानगी घेऊन सोबत न्या. वर्गात सगळे जण कुठल्या तरी काल्पनिक इमारतीचे मूल्यमापन करत असताना, तुमच्याकडे प्रत्यक्ष ओतलेल्या काँक्रीटचे घनमीटर असतील आणि वाया गेलेल्या मालाची टक्केवारीही असेल. ती टक्केवारी पुस्तकात सापडत नाही.


ओळंबा

तिघांचेही मनापासून आभार. परिमाणपत्रकाची सूचना वाचून मी आजच आमच्या प्रकल्प व्यवस्थापकांशी बोललो, आणि इमारतीचे नाव-गाव काढून टाकण्याच्या अटीवर त्यांनी परवानगी द्यायचे कबूल केले आहे. प्रबंध उतरवून वाचायलाही सुरुवात केली आहे. पहिल्या चारांपैकी तिघांत एकही प्रत्यक्ष मोजमाप नाही, हे पाहून झरोका यांनी तो निकष का सांगितला ते कळले.

दोन वर्षांचाच अभ्यासक्रम घ्यायचे आता जवळपास ठरले. आणखी दोन शंका आहेत. या पदवीने वास्तुविशारद म्हणून काम करण्याचा अधिकार मिळतो का, असे माझ्या एका मैत्रिणीला विचारायचे आहे. ती वास्तुकलेची पदवीधर आहे आणि आम्ही एकत्र अर्ज करण्याच्या विचारात आहोत. दुसरे असे, की उद्देशपत्रात छताचा तो प्रसंग लिहावा का, की तो फार घरगुती वाटेल?


उंबरठा

तुमच्या मैत्रिणीच्या शंकेचे उत्तर देतो, कारण मी त्याच समजुतीने गेलो होतो आणि मला ते उशिरा कळले. बहुतेक देशांत 'वास्तुविशारद' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. युरोपीय संघात तिच्या परस्पर मान्यतेसाठी वास्तुकलेच्या संपूर्ण शिक्षणाचा, सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा, निकष लावला जातो आणि ब्रिटनमध्ये त्यासाठी स्वतंत्र नोंदणी लागते. शाश्वत बांधकामाची एम.एस्सी. ही विशेषज्ञतेची पदवी असते. ती बहुधा या साखळीत धरली जात नाही. उपाधी हवी असेल तर ज्या पदवीला तेथल्या नोंदणी मंडळाची मान्यता आहे तीच घ्यावी, आणि ही मान्यता विद्यापीठाच्या पानावर न पाहता मंडळाच्या यादीत पाहावी. तिला सल्लागार किंवा इमारत-भौतिकीतज्ज्ञ म्हणून काम करायचे असेल तर मात्र हा प्रश्न आड येत नाही.

भाषेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. शिक्षण इंग्रजीत होते, पण तेथले बांधकामाचे नियम, निविदा आणि मुकादमाचे बोलणे त्या देशाच्या भाषेत असते. माझ्या वर्गातले जे लोक पहिल्याच सत्रापासून संध्याकाळच्या भाषावर्गाला बसले त्यांना दुसऱ्या वर्षी कार्यालयांत काम मिळाले. मी तिसऱ्या सत्रात सुरुवात केली आणि ती संधी हुकली. शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी राहता येणारा काळही देशागणिक बदलतो. जर्मनीत तो १८ महिने आहे, फिनलंडमध्ये दोन वर्षे, स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये एक वर्ष. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळी त्या देशाच्या स्थलांतर खात्याच्या पानावर पुन्हा तपासा. तारखांचेही भान ठेवा: स्वीडनमध्ये शरद ऋतूत सुरू होणाऱ्या वर्गांचे अर्ज जानेवारीच्या मध्यालाच बंद होतात, म्हणजे शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना हिवाळ्याआधीच गाठावे लागते.


पागोळी

उद्देशपत्रात छताचा प्रसंग अवश्य लिहा, आणि पहिल्याच परिच्छेदात लिहा. निवड समितीपुढे येणाऱ्या पत्रांत पृथ्वीच्या भवितव्याबद्दल बरेच काही असते. एका विशिष्ट स्लॅबबद्दल फारच थोड्या पत्रांत असते. मी अशी पत्रे वाचली आहेत म्हणून खात्रीने सांगते.

त्याला जोड म्हणून निघण्यापूर्वी एक काम करून ठेवा. त्या घरातल्या माणसांची परवानगी घेऊन चार तापमाननोंदक लावा: स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागावर एक, खालच्या गिलाव्यावर एक, खोलीच्या मध्यभागी हवेत एक आणि त्याच्याशेजारी काळ्या गोळ्यात एक. दर पंधरा मिनिटांनी नोंद होऊ द्या, आणि कडक उन्हाळ्याचे दोन आठवडे व ढगाळ दिवसांचे दोन आठवडे असे दोन्ही मिळतील हे पाहा. खोलीतले लोक पंखा केव्हा लावतात, खिडकी केव्हा उघडतात आणि रात्री कोणत्या खोलीत झोपतात, हे त्यांनाच एका वहीत लिहायला सांगा. वरच्या पृष्ठभागावरचा नोंदक उघडा ठेवू नका, नाहीतर तो स्वतःच उन्हात तापून स्लॅबपेक्षा वेगळे तापमान दाखवील. स्लॅबच्याच रंगाच्या सिमेंटच्या पातळ लेपाने तो झाका आणि लेप वाळल्यावर पहिल्या दिवसाच्या नोंदी टाकून द्या.